मेनफ्रेम डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी वेब प्रोग्रामिंग आणि एक्सएमएल: प्रशिक्षण सत्रांची आखणी कशी करावी

मेनफ्रेमवरील (म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावरील) डेटाबेसवर वर्षानुवर्षे काम केलेल्या मंडळींना वेब प्रोग्रामिंग आणि एक्सएमएल (डेटाला नावांच्या खुणा लावून लिहिण्याची भाषा) शिकवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी तयार असलेला अभ्यासक्रमच त्यांच्यापुढे ठेवला जातो. पहिला दिवस टॅग म्हणजे काय यात जातो, दुसरा दिवस रंग आणि मांडणी यांत जातो आणि तिसऱ्या दिवशी वर्गातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. ट्रान्झॅक्शन, लॉक, रिकव्हरी आणि रात्रीच्या बॅचमध्ये लाखो नोंदी चुका न होता पुढे सरकवण्याची शिस्त या बाबतींत समोर बसलेली व्यक्ती अनेकदा प्रशिक्षकापेक्षा अधिक जाणकार असते. तिला जे येते त्यावर उभारलेले प्रशिक्षण वेगाने पुढे जाते. मात्र तिचे जुने ज्ञान काही ठराविक जागी दिशाभूल करते, आणि सत्रांचा खरा वेळ त्या जागांसाठी राखून ठेवावा लागतो. पुढील आखणी याच विचाराने केली आहे. ती पाच सत्रांची असून प्रत्येक सत्र अर्ध्या दिवसाचे आहे.

सलग अडीच दिवसांत हे सर्व उरकण्याचा मोह टाळावा. दोन सत्रांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर असेल, तर प्रशिक्षणार्थी आपल्या रोजच्या कामातील एखादी फाइल किंवा स्क्रीन नव्या नजरेने पाहतो आणि पुढच्या सत्राला स्वतःचे प्रश्न घेऊन येतो.

सत्रांपूर्वीची तयारी

सर्वप्रथम एक छोटी प्रश्नावली पाठवून तीन गोष्टी विचाराव्यात: कोणता डेटाबेस वापरता, कोणत्या भाषेत लिहिता आणि तुमचे काम प्रोग्राम लिहिण्याचे, डेटाबेस सांभाळण्याचे की अहवाल काढण्याचे आहे. यांपैकी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळण्याच्या गरजेतून १९६० च्या दशकात उभे राहिलेले आयएमएस (आयबीएमचे डेटाबेस सॉफ्टवेअर) ज्यांनी वापरले आहे, त्यांच्या डोक्यात पालक सेगमेंट (नोंदीचे वरचे तुकडे) आणि बालक सेगमेंट (त्यांखालील तुकडे) यांचे झाड आधीपासूनच असते, त्यामुळे एक्सएमएलची रचना त्यांना परकी वाटत नाही. १९७१ पासून वापरात असलेल्या एडाबास या डेटाबेसच्या वापरकर्त्यांना एकाच नोंदीत अनेक मूल्यांचे फील्ड आणि पुनरावृत्त गट ठेवण्याची सवय असते, म्हणून घटकाच्या (नाव दिलेल्या तुकड्याच्या) आत पुन्हा पुन्हा येणारा घटक त्यांना सहज पटतो. डीबीटू या आयबीएमच्या तक्ता-आधारित डेटाबेसची मंडळी मात्र सपाट तक्त्यांच्या शिस्तीत वाढलेली असतात. त्यांना एक्सएमएल प्रथम पसरट आणि बेशिस्त वाटते, पण चौथ्या सत्रात हीच मंडळी सर्वांच्या पुढे जातात.

एका वर्गात दहा-बारा जणांहून अधिक लोक घेऊ नयेत आणि शक्य असल्यास एक सहायक सोबत ठेवावा. प्रोग्रामर आणि डेटाबेस प्रशासक यांना एकत्र बसवण्यास हरकत नाही. निव्वळ अहवाल काढणाऱ्यांनी मात्र पहिली तीन सत्रे करून थांबणे पुरेसे आहे, कारण पुढचा भाग प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे.

तांत्रिक तयारीत सर्वाधिक उशीर परवानग्यांमुळे होतो. चाचणी विभागातील सीआयसीएस (मेनफ्रेमवर स्क्रीनवरून होणारे व्यवहार चालवणारी प्रणाली) पर्यंत प्रशिक्षणाच्या संगणकांवरून पोहोचायचे असेल, तर टीसीपी/आयपी या नेटवर्क-पद्धतीचा एक पोर्ट (जोडणीचे दार) उघडावा लागतो, फायरवॉलमध्ये नियम घालावा लागतो आणि रॅकफ या मेनफ्रेमच्या सुरक्षा-प्रणालीत प्रशिक्षणासाठी वेगळे वापरकर्ते तयार करावे लागतात. ही कामे वेगवेगळ्या विभागांकडे असतात. म्हणून अर्ज काही आठवडे आधीच द्यावेत आणि पहिल्या सत्राच्या आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावरून जोडणी प्रत्यक्ष तपासावी. विदा (डेटा) खरी असली तर शिकण्यात रस येतो, परंतु ग्राहकांची खरी नावे आणि खाते क्रमांक वर्गात कधीही आणू नयेत. मूळ फाइलमधील काही शे नोंदी घेऊन त्यांतील ओळख पटवणारी फील्डे बदलावीत. फक्त मूळ विदेतील वाकडेपणा तसाच राहू द्यावा: रिकाम्या फील्डांत कुठे स्पेस तर कुठे लो-व्हॅल्यू (शून्य मूल्याचे बाइट), दोन अंकी वर्षे, फिलरमध्ये (नोंदीतील रिकाम्या राखीव जागेत) कोणीतरी कधीतरी लपवलेला कोड. या वाकडेपणाचाच तिसऱ्या सत्रात उपयोग होतो.

याच तयारीत एक कॉपीबुक, म्हणजे कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले नोंदीच्या रचनेचे वर्णन, निवडून ठेवावे. ते फार मोठे नसावे, पण त्यात किमान एक ऑकर्स (पुन्हा पुन्हा येणारे फील्ड), एक रिडिफाइन्स (त्याच बाइटांना दिलेला दुसरा अर्थ) आणि एक कॉम्प-३ (अंक दाटून साठवणारे) फील्ड असावे. पाचही सत्रे याच एका कॉपीबुकभोवती फिरतात. दर सत्राला नवे उदाहरण आणले, तर प्रशिक्षणार्थ्यांचे अर्धे लक्ष उदाहरण समजून घेण्यातच खर्च होते.

पहिले सत्र: विनंती आणि प्रतिसाद

वेबची ओळख करून देताना एचटीएमएलपासून (वेबपान लिहिण्याच्या भाषेपासून) सुरुवात करू नये. सुरुवात ३२७० टर्मिनलपासून, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या पडदा-कळफलकापासून, करावी. या टर्मिनलवर २४ ओळी आणि ८० स्तंभांची स्क्रीन असते, वापरकर्ता तीत मजकूर भरत राहतो आणि तोवर मुख्य संगणकाला त्याची काहीही खबर नसते. एंटर किंवा एखादी पीएफ (फंक्शन) कळ दाबली की बदललेली फील्डे एकत्रितपणे पाठवली जातात. वेबवरील फॉर्मही नेमका असाच चालतो: ब्राउझरमध्ये भरलेला मजकूर बटण दाबेपर्यंत ब्राउझरमध्येच राहतो, मग एक विनंती जाते आणि एक प्रतिसाद येतो. बीएमएस मॅपची (सीआयसीएसमधील स्क्रीनच्या आराखड्याची) जागा एचटीएमएल फॉर्म घेतो, ट्रान्झॅक्शन कोडची जागा वेबपत्ता घेतो आणि दाबलेल्या कळीची माहिती बटणाच्या नावातून मिळते.

याहून महत्त्वाचे साम्य स्यूडो-कन्व्हर्सेशनल पद्धतीत आहे. सीआयसीएसमध्ये चांगला प्रोग्राम स्क्रीन पाठवतो आणि संपतो. वापरकर्ता विचार करत असताना तो स्मृतीत थांबत नाही. पुढच्या कळीला नव्याने सुरू झालेला प्रोग्राम कॉमएरियातून (प्रोग्रामांमध्ये माहिती पोहोचवणाऱ्या जागेतून) मागचा संदर्भ उचलतो. एचटीटीपी या वेबच्या संवाद-पद्धतीतही सर्व्हर मागची विनंती लक्षात ठेवत नाही आणि संदर्भ कुकी, लपलेले फील्ड किंवा सर्व्हरवरील सेशन यांतून परत मिळवावा लागतो. वेबवर नव्याने आलेल्या प्रोग्रामरला हा विसराळूपणा पचायला आठवडे लागतात, पण सीआयसीएसवर वाढलेल्या व्यक्तीला तो दहा मिनिटांत समजतो. हे साम्य फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून दाखवावे. वर्गाचा आत्मविश्वास येथेच बांधला जातो.

त्यानंतर लगेच हे साम्य कुठे तुटते ते सांगावे. ३२७० वर एंटर दाबल्यावर प्रतिसाद येईपर्यंत कळफलक कुलूपबंद होतो, त्यामुळे तीच विनंती दोनदा जाण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ब्राउझरमध्ये अधीर वापरकर्ता तेच बटण तीनदा दाबू शकतो, मागे जाऊन जुना फॉर्म पुन्हा पाठवू शकतो किंवा एकाच ओळखीने दोन टॅब उघडून दोन्हींत वेगवेगळे काम करू शकतो. टर्मिनल क्रमांकावरून वापरकर्ता ओळखण्याची सवयही येथे कामाची नाही. म्हणून दोन नियम पहिल्याच दिवशी पक्के करावेत. गेट (फक्त माहिती मागण्याच्या) प्रकारच्या विनंतीने विदा कधीही बदलायची नाही, कारण ब्राउझर, मधले कॅशे (तात्पुरत्या प्रतींचे साठे) आणि शोधयंत्रे अशी विनंती मनात येईल तेव्हा पुन्हा करू शकतात. आणि पोस्ट (माहिती पाठवण्याच्या) विनंतीने बदल केल्यावर थेट पान न दाखवता वापरकर्त्याला दुसऱ्या पत्त्यावर वळवायचे, म्हणजे पान ताजे केले तरी तो बदल दुसऱ्यांदा होत नाही.

सराव म्हणून प्रत्येकाने आपल्या परिचयाची एक चौकशी-स्क्रीन साध्या एचटीएमएल फॉर्ममध्ये उतरवावी आणि ब्राउझरच्या विकसक साधनांतील नेटवर्क कप्पा उघडून प्रत्यक्ष काय गेले आणि काय आले ते वाचावे. २००, ३०२, ४०४ आणि ५०० हे स्थितिदर्शक क्रमांक येथे डोळ्यांखालून जातात. एबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडल्याचा) कोड वाचून निदान करण्याची सवय असलेल्या मंडळींना ते वेगळे शिकवावे लागत नाहीत. कोणतेही फ्रेमवर्क (वेब प्रोग्रामचा तयार सांगाडा) या सत्रात आणू नये, कारण फ्रेमवर्क जे झाकते तेच येथे दाखवायचे आहे.

दुसरे सत्र: कॉपीबुकपासून एक्सएमएलपर्यंत

एक्सएमएल ही मेनफ्रेमच्या जगाबाहेरून आलेली गोष्ट आहे, असा समज वर्गात हमखास असतो. तिचे मूळ आयबीएममध्येच आहे. चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये तेथे जीएमएल ही दस्तऐवज-खुणांची भाषा तयार केली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि त्याचे सुटसुटीत रूप म्हणून फेब्रुवारी १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेने एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध केली. एवढा इतिहास पाच मिनिटांत सांगून पुढे जावे.

मग निवडलेले कॉपीबुक पडद्यावर ठेवावे आणि त्यातील एक नोंद सर्वांनी मिळून हाताने एक्सएमएलमध्ये लिहावी. उदाहरणार्थ:

<ग्राहक क्रमांक="०००४२१७">
  <नाव>नमुना ग्राहक</नाव>
  <खाते>
    <प्रकार>बचत</प्रकार>
    <शिल्लक>१२३४५.६७</शिल्लक>
  </खाते>
  <खाते>
    <प्रकार>चालू</प्रकार>
    <शिल्लक>-८९०.००</शिल्लक>
  </खाते>
</ग्राहक>

घटकांची नावे देवनागरीत असली तरी हा दस्तऐवज पूर्णपणे सुरचित (लिहिण्याच्या नियमांत बसणारा) आहे, कारण एक्सएमएल युनिकोडवर (सर्व लिप्यांच्या एकत्रित अक्षर-संकेतावर) उभी आहे आणि नावांत देवनागरी अक्षरे चालतात. अंकांचे मात्र तसे नाही. एक्सएमएल स्कीमाचा (दस्तऐवजात काय कसे यावे हे ठरवणाऱ्या भाषेचा) दशांश प्रकार फक्त शून्य ते नऊ हे आंतरराष्ट्रीय अंकच ओळखतो, म्हणून वरची शिल्लक प्रत्यक्ष दस्तऐवजात त्या अंकांत लिहावी लागेल.

या एका नोंदीवरून बरेच शिकवता येते. कॉपीबुकमध्ये फील्डाची ओळख त्याच्या जागेवरून होते, म्हणजे एकेचाळिसाव्या बाइटपासून पाच बाइट म्हणजे शिल्लक. एक्सएमएलमध्ये ओळख नावावरून होते आणि जागेला अर्थ उरत नाही. त्यामुळे फिलर पूर्णपणे गळून पडतो, नावामागच्या स्पेस अनावश्यक ठरतात आणि नवे फील्ड मध्येच आले तरी नीट लिहिलेला जुना प्रोग्राम मोडत नाही. ऑकर्सचे रूपांतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकात होते आणि किती वेळा आले हे सांगणाऱ्या गणक-फील्डाची गरज उरत नाही. रिडिफाइन्स सर्वांत अवघड जाते. त्याच बाइटांना दोन अर्थ देणे एक्सएमएलमध्ये शक्य नसते, म्हणून नोंदीच्या प्रकारानुसार दोन वेगळे घटक ठरवून स्कीमामध्ये त्यांपैकी एकच येईल असा पर्याय लिहावा लागतो. हे करताना अनेकदा असे उघड होते की नोंदीचा प्रकार कोणत्या फील्डावरून ठरतो हे ठामपणे सांगणारा कोणीच वर्गात नाही. तसे झाले तर तो शोध त्याच वेळी घ्यावा, कारण प्रत्यक्ष प्रकल्पातही काम याच जागी अडते.

गुणधर्म (उघडत्या टॅगमधील मूल्य, जसे वरचा क्रमांक) वापरावा की घटक, या प्रश्नावर वाद रंगतो. माझे मत साधे आहे: नोंदीची ओळख पटवणारी आणि कधीही न फुटणारी छोटी मूल्ये गुणधर्मात ठेवावीत, बाकी सर्व घटकांत. गुणधर्म एका घटकावर एकदाच येऊ शकतो आणि त्याच्या आत रचना करता येत नाही, हे कारण पुरेसे आहे.

सुरचित आणि वैध यांतील फरक येथेच स्पष्ट करावा. टॅग नीट उघडले-मिटले आहेत, एकच मूळ घटक आहे आणि अँपरसँड किंवा लहानपेक्षा-चिन्ह मजकुरात उघडे पडलेले नाही, एवढे असले की दस्तऐवज सुरचित होतो. तो ठरलेल्या स्कीमामध्ये बसला तरच वैध ठरतो. २००१ मध्ये शिफारस झालेली एक्सएमएल स्कीमा ही भाषा शब्दबंबाळ आहे, हे मान्य करावे, आणि सर्व वैशिष्ट्ये शिकवण्याऐवजी क्रम, पर्याय, किमान-कमाल संख्या, दशांश आणि तारीख एवढ्यावरच थांबावे. कॉपीबुकमधील एस९(७)व्ही९९ (चिन्हासह सात अंक आणि दशांशानंतर दोन) याला स्कीमामध्ये एकूण नऊ अंक व दशांशानंतर दोन अंक असे बंधन घालता येते, हे पाहिल्यावर कोबोलवाल्यांचा विरोध बराच मावळतो.

तिसरे सत्र: अक्षरे आणि आकडे

पाचही सत्रांत हे सत्र सर्वांत महत्त्वाचे आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांत त्याला अर्धा तासही मिळत नाही. मेनफ्रेममधून बाहेर पडलेली विदा बिघडते ती जवळजवळ नेहमी येथे.

मेनफ्रेमवर अक्षरे एबसीडिक या अक्षर-संकेतात असतात, तर बाहेरच्या जगाचा जुना संकेत अ‍ॅस्की आहे. तेथे इंग्रजी मोठ्या ए या अक्षराचा हेक्स (सोळाच्या पायातील) कोड सी१ आहे, अ‍ॅस्कीत तो ४१ आहे. शून्य ते नऊ हे अंक एबसीडिकमध्ये एफ० ते एफ९ आणि अ‍ॅस्कीत ३० ते ३९ आहेत. एबसीडिकमधील स्पेस ४० आहे आणि अ‍ॅस्कीत ४० म्हणजे ईमेल पत्त्यातील अ‍ॅट चिन्ह. त्यामुळे रूपांतर न होता आलेली फाइल उघडली की सर्वत्र तेच चिन्ह पसरलेले दिसते. ही खूण प्रशिक्षणार्थ्यांना डोळ्यांनी दाखवावी, म्हणजे पुढे ती दिसताच निदान होते.

रूपांतर झाले तरी काम संपत नाही, कारण एबसीडिकची कोड पेजे (अक्षरांना कोड देणारे तक्ते) अनेक आहेत. चौकोनी कंस ०३७ या पानावर बीए आणि बीबी या जागी, तर १०४७ वर एडी आणि बीडी या जागी असतात. साध्या मजकुरात हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. जेसनमध्ये (डेटा मजकुरात लिहिण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीत) प्रत्येक यादी चौकोनी कंसाने सुरू होते, त्यामुळे तेथे चुकीचे पान निवडले की संपूर्ण दस्तऐवज निकामी होतो. एक्सएमएलमध्ये सीडेटा (खुणा न मानता जसाच्या तसा वाचायच्या मजकुराच्या) विभागाबाबत हेच घडते.

ओळ संपवणाऱ्या चिन्हाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एबसीडिकमधील १५ हे नवी-ओळ चिन्ह युनिकोडमध्ये जाताना अनेकदा यू+००८५ बनते. एक्सएमएल १.० त्याला ओळीचा शेवट मानत नाही, साधी मोकळी जागाही मानत नाही. ते टॅगच्या आत दोन गुणधर्मांच्या मध्ये आले, तर पार्सर (दस्तऐवज वाचून उलगडणारा प्रोग्राम) दस्तऐवज नाकारतो. २००४ च्या एक्सएमएल १.१ मध्ये मेनफ्रेमचा विचार करून या चिन्हाला मान्यता दिली गेली, पण बाहेरच्या जगात १.१ फारशी स्वीकारली गेली नाही. त्यामुळे रूपांतर करतानाच हे चिन्ह साध्या लाइन फीडमध्ये (नेहमीच्या ओळ-बदल चिन्हात) बदलावे. त्याच वेळी दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीतील एन्कोडिंगची (अक्षर-संकेताची) घोषणा आणि प्रत्यक्ष बाइट यांचा मेळ आहे ना, हेही पाहावे. मेनफ्रेमवर एबसीडिकची घोषणा करून लिहिलेला दस्तऐवज वाटेत यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये बदलला गेला आणि घोषणा जुनीच राहिली, तर पलीकडचा पार्सर घोषणेवर विश्वास ठेवून चुकीचे वाचतो. माझा आग्रह असा की यूटीएफ-८ मेनफ्रेमवरच तयार करावे आणि फाइल बायनरी पद्धतीने (बाइट न बदलता) पाठवावी, म्हणजे मध्ये कोणी तिच्यात हात घालत नाही.

आता आकड्यांकडे. कॉम्प-३ मध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह असते: धनाला सी, ऋणाला डी, चिन्हविरहिताला एफ. १२३४५६७.८९ ही रक्कम १२ ३४ ५६ ७८ ९सी अशा पाच बाइटांत राहते आणि दशांशचिन्ह प्रत्यक्षात कुठेच साठवलेले नसते. अशी फील्डे असलेली फाइल मजकूर पद्धतीने पाठवली, तर रूपांतर करणारे साधन या बाइटांनाही अक्षरे समजते आणि रक्कम कायमची नष्ट होते. बाइटाचे मूल्य योगायोगाने हेक्स १५ किंवा २५ (ओळ संपवणारी चिन्हे) असेल, तर नोंद मध्येच तुटून दोन ओळी होण्याचीही शक्यता असते. वर्गात हा बिघाड मुद्दाम घडवून आणावा: तीच फाइल एकदा मजकूर पद्धतीने आणि एकदा बायनरी पद्धतीने पाठवून दोन्ही हेक्समध्ये पाहावी. या सरावाला तासभर गेला तरी तो कमी करू नये.

मजकुरात आणलेला आकडाही ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर सुरक्षित असतोच असे नाही. जावास्क्रिप्टमधील नेहमीची संख्या ६४ बिटांची तरंगती (दशांशबिंदू सरकणारी) संख्या असते आणि ९००७१९९२५४७४०९९१ या मर्यादेच्या पलीकडे प्रत्येक पूर्णांक ती अचूक धरू शकत नाही. कोबोलमध्ये अठरा अंकी फील्ड ही नित्याची गोष्ट आहे, तेव्हा असा खाते क्रमांक संख्या म्हणून पाठवला, तर शेवटचे अंक बदलून येतात आणि कोणतीही चूक नोंदवली जात नाही. पैशांच्या बाबतीतही तसेच आहे, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. क्रमांक हे नेहमी मजकूर म्हणून पाठवावेत, त्यातून सुरुवातीची शून्येही टिकतात, आणि रकमांचे गणित सर्व्हरवर दशांश प्रकारातच करावे.

लो-व्हॅल्यू, म्हणजे शून्य मूल्याचे बाइट, एक्सएमएलमध्ये कोणत्याही रूपात चालत नाहीत. मेनफ्रेमवर ते सर्रास रिकाम्या फील्डाची खूण म्हणून वापरले जातात, म्हणून दस्तऐवज तयार करण्यापूर्वी त्यांचे काय करायचे हे ठरवावे लागते: घटक गाळायचा, रिकामा ठेवायचा की मूल्य अज्ञात असल्याची स्पष्ट खूण करायची. या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये.

क्रमवारीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. एबसीडिकमध्ये लहान इंग्रजी अक्षरे आधी, मग मोठी आणि शेवटी अंक येतात, तर अ‍ॅस्कीत अंक, मोठी, लहान असा क्रम लागतो. मेनफ्रेमवर क्रमाने लावलेली यादी सर्व्हरवर क्रमाने असल्याचे गृहीत धरणारा प्रोग्राम चुकतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. तारखांसाठी मात्र दोन अंकी वर्षाचे शतक कोणत्या नियमाने ठरते हे कॉपीबुकशेजारी लिहून ठेवावे आणि बाहेर पाठवताना वर्ष-महिना-दिवस हेच रूप वापरावे. देवनागरी मजकूर साठवण्याचा विचार असेल, तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, हेही येथे सांगावे. तीस बाइटांच्या नावाच्या फील्डात त्यामुळे दहाच चिन्हे मावतात.

चौथे सत्र: एक्सएमएल तयार करणे आणि वाचणे

आता हाताने लिहिलेले एक्सएमएल प्रोग्रामकडून लिहून घ्यायचे. एंटरप्राइझ कोबोलमध्ये (आयबीएमच्या मेनफ्रेमवरील कोबोलमध्ये) एक्सएमएल जनरेट या विधानाने कॉपीबुकच्या रचनेवरून थेट दस्तऐवज तयार होतो. ते करताना विधान स्वतःच काही निर्णय घेते, आणि ते प्रशिक्षणार्थ्यांनी चालवून पाहावेत: मागच्या स्पेस काढल्या जातात, संख्यांच्या सुरुवातीची शून्ये गळतात, फिलर आणि रिडिफाइन्स वगळले जातात. फील्डात न चालणारे बाइट सापडले, तर घटकाच्या नावाआधी हेक्स असा उपसर्ग लागून मजकूर हेक्स स्वरूपात येतो. असा उपसर्ग दिसला, तर मागच्या सत्रातील लो-व्हॅल्यूचा प्रश्न अजून सुटलेला नाही असे समजावे.

वाचण्यासाठी एक्सएमएल पार्स आहे. हे विधान दस्तऐवज झाडाच्या रूपात हाती देत नाही. घटक सुरू झाला, मजकूर आला, घटक संपला अशा घटना एकेक करून तुमच्या प्रक्रियेला कळवते आणि एक्सएमएल-इव्हेंट व एक्सएमएल-टेक्स्ट या विशेष रजिस्टरांत (तयार राखीव चलांत) तपशील ठेवते. क्रमाने नोंदी वाचणाऱ्या बॅच प्रोग्रामची सवय येथे कामी येते. एकच सापळा मोठा आहे: एका घटकातील मजकूर एकाच घटनेत पूर्ण येईल याची हमी नसते. त्यामुळे मजकूर जोडत राहून घटक संपल्याची घटना आल्यावरच तो फील्डात हलवावा. छोट्या नमुन्यावर हा दोष दिसत नाही आणि मोठा दस्तऐवज आला की अधूनमधून एखादे नाव अर्धे तुटते. संपूर्ण झाड स्मृतीत उभे करणारी डॉम पद्धत वेब सर्व्हरच्या बाजूला सोयीची असते, परंतु शेकडो मेगाबाइटांच्या बॅच दस्तऐवजासाठी घटनांवर चालणारा पार्सरच वापरावा.

डीबीटूच्या मंडळींसाठी वेगळा मार्ग आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतच घटक बांधणारी, त्यांचे गट करणारी आणि उलट दिशेने एक्सएमएलपासून तक्ता बनवणारी फंक्शने आहेत. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवरील डीबीटूच्या नवव्या आवृत्तीत, २००७ मध्ये, एक्सएमएल हा स्वतंत्र स्तंभ-प्रकारही आला. एक्सएमएलअ‍ॅग (घटकांचे गट करणारे फंक्शन) वापरून ग्राहक आणि त्याची सर्व खाती एकाच क्वेरीत झाडासारखी आणणे हा सराव मी आवर्जून ठेवतो, कारण दुसऱ्या सत्रात ज्यांना एक्सएमएल पसरट वाटली होती, ते येथे प्रथमच स्वतःहून प्रयोग करू लागतात. आलेला दस्तऐवज एक्स-पाथ या शोधभाषेने शोधताना नेमस्पेसची (घटकनावे कोणत्या संचातील हे सांगणाऱ्या खुणेची) एक अडचण सर्वांनाच गाठते. मूळ घटकावर डीफॉल्ट नेमस्पेस असेल आणि एक्स-पाथ १.० मध्ये उपसर्ग न लावता नाव लिहिले, तर कोणतीही चूक न दाखवता शून्य घटक सापडतात. हे आधी घडू द्यावे, मग उपसर्ग जोडून दाखवावे.

जेसनबद्दल प्रश्न येतोच. कोबोलच्या सहाव्या आवृत्तीपासून जेसन तयार करण्याची आणि पुढे वाचण्याची विधाने आली आहेत आणि ब्राउझरशी बोलताना जेसनच सोपे पडते. संस्था-संस्थांमधील देवाणघेवाण, स्वाक्षरी केलेले दस्तऐवज आणि कडक स्कीमा जिथे लागतो तिथे एक्सएमएलचे स्थान कायम आहे. ज्याला कॉपीबुकपासून एक्सएमएल करता आले, त्याला जेसन शिकायला एक दुपार पुरते.

पाचवे सत्र: एक संपूर्ण सेवा

शेवटच्या सत्रात तिघा-चौघांच्या गटाने एक चौकशी आणि एक बदल अशा दोनच क्रिया असलेली सेवा पूर्ण करावी: ब्राउझरमधील फॉर्म, मधला सर्व्हर, सीआयसीएसमधील किंवा डेटाबेसवरील प्रोग्राम आणि परतीचा प्रतिसाद. जुना प्रोग्राम कॉमएरियावर चालत असेल, तर तिची सुमारे ३२ केबीची मर्यादा एक्सएमएलच्या लांबलचक टॅगांमुळे चटकन ओलांडली जाते. म्हणून चॅनल आणि कंटेनर (कॉमएरियाऐवजी मोठी माहिती पोहोचवण्याची सीआयसीएसची सोय) वापरावेत किंवा रूपांतर सीआयसीएसच्या वेब-सेवा सुविधेवर सोपवून जुन्या प्रोग्रामला पूर्वीचीच बायनरी रचना द्यावी. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण चाललेल्या प्रोग्रामला हात लागत नाही.

लॉकविषयीची जुनी सवय येथे तपासून घ्यावी. नोंद वाचताना ती धरून ठेवायची आणि बदल झाल्यावर सोडायची, ही पद्धत वेबवर चालत नाही, कारण वापरकर्ता पान उघडे ठेवून निघून गेला तर सर्व्हरला ते कळतच नाही. नोंदीसोबत बदलाची वेळ किंवा आवृत्ती क्रमांक पाठवावा, परत आल्यावर तो डेटाबेसमधील मूल्याशी ताडून पाहावा आणि जुळला नाही तर बदल नाकारून वापरकर्त्याला ताजी नोंद दाखवावी.

सुरक्षेसाठी किमान अर्धा तास राखावा. टर्मिनलच्या जगात इनपुट कोठून येते हे माहीत असे, वेबवर ते कोणीही कसेही बनवून पाठवू शकतो. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी ही केवळ वापरकर्त्याची सोय असते, तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते. एसक्यूएल विधान मजकूर जोडून बनवू नये, मूल्ये पॅरामीटरने द्यावीत. आणि बाहेरून आलेले एक्सएमएल वाचताना पार्सरमधील बाह्य एंटिटी (बाहेरचा मजकूर ओढून आणणाऱ्या खुणा) व डीटीडी (दस्तऐवजासोबत येणाऱ्या व्याख्या) बंद ठेवावेत, अन्यथा एखादा दस्तऐवज सर्व्हरवरील फाइल वाचून घेऊ शकतो किंवा एकात एक गुंफलेल्या एंटिटी फुगवून सर्व स्मृती खाऊन टाकू शकतो.

खर्चाचा मुद्दा डेटाबेस प्रशासक स्वतःच काढतात. एक्सएमएल वाचण्यात प्रोसेसरचा वेळ जातो आणि मेनफ्रेमवर त्या वेळेचे बिल येते. झेड/ओएसच्या स्वतःच्या एक्सएमएल सेवांमार्फत केलेले पार्सिंग झिप या ठराविक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरवर वळवता येते, आणि जे रूपांतर मधल्या सर्व्हरवर तितकेच चांगले होते ते तेथेच करावे. गटांनी आपल्या सेवेला शंभर विनंत्या पाठवून मेनफ्रेमवर लागलेला सीपीयू वेळ प्रत्यक्ष मोजावा. या आकड्यावरून होणारी चर्चा व्याख्यानापेक्षा अधिक शिकवते.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा घेऊ नये. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या विभागातील एक कॉपीबुक घेऊन त्याची स्कीमा, नमुना दस्तऐवज आणि त्यातील शंकास्पद फील्डांची यादी महिनाभरात तयार करावी. यादीत प्रत्येक फील्डापुढे त्याचा अर्थ कोणाकडून पक्का केला ते लिहिलेले असावे. प्रशिक्षकाने ती यादी आधी वाचावी आणि स्कीमा नंतर.